मागच्या दाराबाहेर तीन गिरक्या

जेरल्ड पेनहॅलो सोमवारी सकाळी दहा वाजता आमच्या नेपच्यून थिएटरच्या मागच्या दारातून शिट्टी वाजवत आत आले, आणि दहा वाजून एका मिनिटाने ते पुन्हा बाहेर पावसात उभे होते.

"मी कोण आहे हे त्या वरच्या माणसाला माहीत आहे का?" दाराच्या फटीतून त्यांनी मला विचारलं; हे दार सांभाळायचं काम माझं.

"माहीत आहे, सर. भिंतीवर तुमचंच पोस्टर आहे."

"मग?"

"तीन गिरक्या घ्या. मग दार वाजवा. मी विचारीन कोण आहे, मग तुम्ही विचारायचं, आत येऊ का."

"आणि नाही घेतल्या गिरक्या तर?"

"तर विल्फकाका पावणेअकराच्या बसने घरी जातील."

त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. पण त्यांच्या मागे त्यांच्या कंपनीची रंगमंच सांभाळणारी पिप उभी होती, विशीतली, काखेत नाटकाची जाडजूड वही घेतलेली. ती डोळ्यांनी मला विचारत होती, खरंच? मी मान डोलावली, खरंच. मग इंग्लंडभर ज्यांच्या मौनाचं कौतुक होतं ते पेनहॅलोसाहेब लांब कोट सावरत गल्लीत तीन वेळा गोल फिरले. पलीकडच्या तळलेल्या माशांच्या दुकानातल्या बाईने खिडकीतून टाळ्या वाजवल्या.

विल्फ स्टॅथर्स आमच्या दोरांच्या माळ्यावरचा माणूस. रंगमंचाच्या वर, तीस फुटांवर, एक लाकडी माळा आहे. तिथून बेचाळीस दोर खाली येतात आणि सगळे पडदे, भिंती, झाडं, चंद्र त्यांच्यावर वर-खाली होतात. कुठल्या दोराला काय टांगलंय हे फक्त विल्फकाकांना ठाऊक. मॅनेजर पिकर्सगिलसाहेबांनी एकदा प्रत्येक दोराला चिठ्ठी लावायची सूचना केली होती. विल्फकाका म्हणाले, "जहाजावर दोराला चिठ्ठी लावतात का? बोटाला कळत नसेल तर डोळ्याला काय कळणार?" तीस वर्षं त्यांनी मासेमारीच्या बोटींवर काढली होती. आमच्या हल बंदरातली दूरच्या पाण्यातली मासेमारी बंद झाली तेव्हा ते सरळ इथे आले, आणि वर जाऊन पाइप पेटवून बसले. माळ्याला गल्लीच्या बाजूने एक छोटी खिडकी आहे. तिच्यातून धूर निघाला की ते कामावर आलेत असं आम्ही समजायचो.

शिट्टी न चालण्याची त्यांची दोन कारणं होती. एक समुद्राचं, शिट्टी वारा बोलावते. दुसरं नाटकाचं. पूर्वी हे दोर ओढायला खलाशीच ठेवायचे, आणि त्यांना खालून हुकूम द्यायचे ते शिट्टीनेच. कुणी उगाच मजेत शिट्टी वाजवली तर वरचा माणूस दोर सोडायचा आणि अख्खी भिंत नटाच्या डोक्यावर यायची. आता हुकूम दिव्यांवर चालत होते, लाल म्हणजे तयार राहा, हिरवा म्हणजे ओढ, पण विल्फकाकांचं म्हणणं, कानाला दिव्याचं काय सांगायचं? त्यामुळे ते आल्यापासून आठ वर्षांत नेपच्यूनमध्ये सहसा कुणी शिट्टी वाजवत नसे. जो चुकला तो बाहेर, आणि तीन गिरक्यांनी अपशकुन उतरवून मगच आत.

आणि माझी टेसा शिट्टीशिवाय झोपत नव्हती.

हे सगळं कॉलिनने केलेलं. कॉलिन माझा नवरा, समुद्रातल्या गॅसच्या फलाटावर कामाला, दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. टेसा जन्मली तेव्हा तो घरी होता, आणि ती रडली की तिला खांद्यावर घेऊन एकच जुनी चाल शिट्टीवर वाजवत फिरायचा. ती गप्प व्हायची. नुसती गप्प नाही, डोळे मोठे करून छताकडे बघायची, जणू वरून कुणी काही सांगतंय. मला वाटायचं, किती गोड. मग तो फलाटावर गेला, ती चाल घरात राहिली, आणि ती वाजवायला राहिले मी. तोपर्यंत मला शिट्टी येतही नव्हती. रात्री तीन वाजता ओठ दुखेपर्यंत फुंकून मी ती शिकले.

एरवी टेसाला माझी आई सांभाळायची. पण त्या रविवारी आईने बागेतल्या शेवाळावर पाय घसरून मनगट मोडून घेतलं. कॉलिन शनिवारी येणार होता. मधले सहा दिवस माझे. आणि मी बाळंतपणानंतर कामावर येऊन जेमतेम पंधरवडा झालेला. मी घरी होते तेव्हा दारावर पिकर्सगिलसाहेबांची भाची मर्लीन बसत होती. मी परत आले त्या दिवशी ती गेली खरी, पण खुर्चीवरची स्वतः विणलेली जांभळी उशी नेली नाही. "असू दे की तिथेच," ती म्हणाली होती, "उगाच कशाला ने-आण?" रोज मी त्या उशीवर बसायचे आणि ती मला टोचायची.

साहेबांचा नियम होता, मागच्या दारातून मूल आत येणार नाही. म्हणून टेसा आली ती वेताच्या पेटीत. कुठलीशी संगीतिका कंपनी तीन वर्षांपूर्वी विसरून गेलेली विगची पेटी होती, झाकणाला मोठ्या अक्षरांत 'विग, उलटी करू नये' असं लिहिलेलं. मी ती माझ्या टेबलाखाली ठेवली, आत कॉलिनचा लोकरी स्वेटर अंथरला, झाकणाला चमचा अडकवून फट ठेवली. टेसा जागी झाली की पेटी उचलून गल्लीत जायचं, तिथे चाल वाजवायची, ती झोपली की आत यायचं. गल्ली म्हणजे थिएटर नव्हे, असा मी माझ्या मनाशी निकाल लावला होता. सोमवार गेला. मंगळवारही गेला. मला वाटायला लागलं की मी फार हुशार आहे.

बुधवारी दुपारचा खेळ होता.

आमच्याकडे दुपारच्या खेळाला आज्या येतात. सहाशे आज्या, शे-दीडशे आजोबा. मध्यंतरात त्यांना जागेवर चहा लागतो, ट्रेमधून, चिनीमातीच्या कपात, सोबत दोन बिस्किटं. तिसरा अंक सुरू झाला तरी निम्म्या ट्रे मांडीवरच असतात, आणि नाटकभर कप-बशा किणकिणत राहतात. पेनहॅलोसाहेबांचा या आवाजावर जन्माचा राग होता. कारण त्या नाटकात शेवटी त्यांचं ते प्रसिद्ध मौन होतं. ते झाले होते म्हातारे कप्तान. बायको गेलेली. दिवाणखान्यात खुर्चीवर बसतात, अर्धा मिनिट काहीच बोलत नाहीत, मग एकच शब्द म्हणतात, "चला." त्याबरोबर मागची अख्खी भिंत वर जाते, आणि पलीकडे धक्का दिसतो, समुद्र दिसतो, आणि पांढऱ्या झग्यात उभी असलेली त्यांची तरुणपणची बायको. अठरा शहरांत लोक रडले होते. अठरा शहरांत दुपारच्या खेळाला त्या अर्ध्या मिनिटात कपही वाजले होते.

"माणूस मरतोय आणि हे बिस्किट बुडवतायत," असं ते मला त्या दुपारी आत येताना म्हणाले.

"आमच्याकडे फार नाही वाजवत, सर."

"अगं मुली, हे मला प्रत्येक दारावर सांगतात."

मध्यंतर झालं आणि चहाच्या बंबाने घात केला. त्या दिवशी मागणी जास्त म्हणून दुसरा बंब लावला होता. तो लावताक्षणी काहीतरी फट् झालं, बंबाचा तांबडा दिवा तसाच राहिला, पण रंगमंचावरून माळ्यावर जाणारे हुकुमाचे दिवे गेले. पिपच्या कानावरचा फोनही गेला. ती धावत पिकर्सगिलसाहेबांकडे गेली. मी तिच्यामागे, कारण जिन्याशी पेटी ठेवून मला चहा घ्यायचा होता.

"बंब बंद करा, सर! एकाच तारेवर आहे सगळं!"

"बंब?" साहेबांनी घशाची गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "पोरी, बाहेर चारशे बायका चहाचे पैसे देऊन बसल्यात. नाटक पाच मिनिटं उशिरा सुरू झालं तर त्या काही म्हणणार नाहीत. चहा उशिरा आला तर उद्या पेपरात येईल."

मग सगळे रंगमंचावर जमले. पिप खालून ओरडली, "विल्फ! तुम्हाला कोपऱ्यातून माझा हात दिसेल का?"

वरून पाइप काढल्याचा आवाज आला. "दिवाणखान्याला छत आहे. छतातून बघायचं कसं?"

"मी ओरडले तर?"

"मौनात ओरडणार?"

"माणूस पाठवला तर शिडीने?"

"शिडी वाजते. आणि माणूस पोचेपर्यंत त्यांचं 'चला' होऊन ते खरंच चालायला लागतील."

मग विल्फकाका कठड्यावरून वाकले. एवढे वाकलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "एकच मार्ग आहे," ते म्हणाले. "जुना. शिट्टी."

मी एक पाऊल पुढे आले.

"पण काका, शिट्टी..."

"उगाच वाजवली तर अपशकुन. हुकूम म्हणून वाजवली तर हुकूम. ती आहेच त्यासाठी. 'चला' झालं की एक शिट्टी, लांब. मी भिंत उचलीन. एकच. आणि त्याआधी कुणी वाजवली, तरी उचलीन. माझा हात विचारत बसणार नाही. मग मिस ऑर्ड जशा असतील तशा दिसतील."

मिस व्हेनेशिया ऑर्ड म्हणजे कप्तानाची तरुण बायको. वय एकोणपन्नास, नाटकात बावीस. मौनाच्या त्या अर्ध्या मिनिटात भिंतीमागे अंधारात त्या काळा झगा काढून पांढरा घालायच्या. पाठीवर बत्तीस हूक. अठरा शहरांत ते पूर्ण कधी लागले नव्हते, म्हणून त्या तोंड समोर ठेवूनच उभ्या राहायच्या, पाठ उघड्या पाकिटासारखी. त्यांनी शाल ओढून घेतली आणि म्हणाल्या, "आधी वाजली तर मी ही कंपनी सोडीन. आणि त्याआधी कुणाचा तरी जीव घेईन."

"ठीक," पिप म्हणाली. "शिट्टी कुणाला येते?"

सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. पिपने स्वतः प्रयत्न केला, नुसती हवा आली. एका दिवेवाल्याला येत होती, पण दोन बोटं तोंडात घालून, आणि ती रेल्वे स्टेशनापर्यंत जायची. पेनहॅलोसाहेब म्हणाले, "मला येते हे सगळ्यांना माहीत आहे, पण मी त्या वेळी मरत असेन."

मी गप्प बसू शकले असते. पण वेळ चालला होता, बाहेर आज्यांच्या बशा परत चालल्या होत्या, आणि पिपची हनुवटी थरथरायला लागली होती. तिच्या वयाची असताना माझीही थरथरायची.

"मला येते," मी म्हणाले.

विल्फकाकांनी वरून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "बरं," आणि आत गेले.

दाराला कडी घालून मी पेटी उचलून कोपऱ्यात नेली. तिथे पिपचं उंच टेबल असतं, वहीवर छोटा निळा दिवा. पेटी मी टेबलाखाली सारली.

"हे काय?" पिप कुजबुजली.

"टेसा."

पिपने झाकण उचलून पाहिलं. परत ठेवलं. "हिलाही शिट्टी येते?"

"नाही. हिला लागते."

"म्हणजे?"

"म्हणजे ही रडली तर शिट्टीनेच गप्प होते."

पिपने माझ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, वर छताकडे पाहिलं. "आणि शिट्टी वाजली तर भिंत जाते."

"हो."

"ग्लेनिस," ती म्हणाली, "हे तू मला सांगायला नको होतंस."

तिसरा अंक चांगला चालला. टेसा झोपली होती, तोंड उघडं, एक मूठ कानाशी. मी ओठ ओले करत होते. बाहेर कप वाजत होते, किण, किण, मध्येच एखादी बशी. पेनहॅलोसाहेब खुर्चीवर बसले. त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. मौन सुरू झालं.

पिप घड्याळावर बोट ठेवून होती. एक. दोन. तीन. भिंतीमागे अंधारात मिस ऑर्डचा झगा सळसळला, कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "श्वास आत घ्या, बाई." प्रेक्षागृहात कुणीतरी बिस्किट मोडलं.

सातव्या सेकंदाला पेटीतून आवाज आला, "उं."

ज्यांना मूल आहे त्यांना हा उं माहीत असतो. हा नमुना असतो, माल मागून येतो. मी पेटी झुलवली. झाकण उघडून बोट दिलं. टेसाने बोट तोंडात घेतलं, चव बघितली आणि सोडून दिलं. पिपने घाईत आपली पेन्सिल दिली. टेसाने पेन्सिल धरली, खालचा ओठ बाहेर आला, मग वरचा थरथरला. माझे ओठ आपोआप गोल झाले. सात महिन्यांची सवय होती ती. पिपने झडप घालून माझ्या तोंडावर हात दाबला.

आणि टेसा रडली.

आमच्या थिएटरात आवाज फार छान घुमतो. १८९७ साली कुणी बांधलं त्याचं कौतुकच करायला हवं. पहिल्या मजल्यापासून गॅलरीपर्यंत माझ्या मुलीचा आवाज पोचला. पडद्याच्या फटीतून मला दिसलं, पेनहॅलोसाहेबांची डावी पापणी हलली. आणि मागच्या रांगेपाशी घशाची गोळी चघळत उभे असलेले पिकर्सगिलसाहेब ताठ झाले, तेही दिसलं. जांभळी उशी माझ्या डोळ्यांसमोर आली. टेसाने दुसऱ्यांदा रडण्यासाठी श्वास घेतला, मोठा, आणि मी पिपचा हात तोंडावरून काढायला लागले, कारण मिस ऑर्डचं जे व्हायचं ते होवो, मूल माझं होतं.

तेवढ्यात शिट्टी ऐकू आली.

माझी नव्हे. माझे ओठ अजून पिपच्या हाताखाली होते. शिट्टी वरून येत होती, तीस फुटांवरून, छताच्या पलीकडून, हळू. कॉलिनचीच चाल. टेसाचा घेतलेला श्वास तसाच राहिला. तिने पेन्सिल छातीशी धरून वर पाहिलं, डोळे हे एवढे मोठे.

आणि पेनहॅलोसाहेबांनीही वर पाहिलं. चाळीस वर्षं नाटकात काढलेला माणूस तो. त्यांनी अगदी सावकाश मान वळवली, जणू बंदरातून कुणीतरी घरी परत निघालंय आणि त्याची शिट्टी रस्त्यावरून येतेय. गुडघ्यावरचा एक हात जरासा उचलला आणि तसाच ठेवला. मौन अर्ध्या मिनिटाचं होतं. त्याला पाऊण होऊन गेलं, एक मिनिट झालं. पिपने घड्याळावरचं बोट काढून घेतलं. कुठेही कप वाजला नाही. आमच्या आज्यांपैकी निम्म्यांचे नवरे बोटींवर गेलेले, ही चाल त्यांनाही माहीत होती.

शिट्टी थांबली.

"चला," पेनहॅलोसाहेब म्हणाले.

आता माझी पाळी. मी ओठ गोल केले आणि फुंकलं. नुसती हवा. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ओठ कोरडे पडले होते, उलटं व्हायला हवं होतं. पिप माझ्याकडे अशी बघत होती की पुढे ती कधी नाटकात काम करील असं वाटेना. मी ओठ चाटले, टेसाकडे पाहिलं, आणि पुन्हा फुंकलं.

लांब, सरळ, एक.

भिंत वर गेली. समुद्र दिसला. मिस ऑर्ड उभ्या होत्या, आणि अर्धं मिनिट जास्त मिळाल्यामुळे त्यांचे बत्तीसच्या बत्तीस हूक लागलेले होते. एकोणीस शहरांत पहिल्यांदाच त्या अभिमानाने गोल फिरल्या.

पडदा पडल्यावर टाळ्या बराच वेळ चालल्या. आम्ही मागे सगळे शिडीपाशी जमलो होतो. विल्फकाका खाली आले. कुणाकडे पाहिलं नाही. खुंटीवरचा कोट घातला, टोपी घातली, मागच्या दारापाशी आले, कडी काढली आणि बाहेर गेले. दार त्यांच्यामागे बंद झालं.

दाराच्या काचेतून आम्ही पाहत होतो. त्यांचा उजवा गुडघा वाकत नाही, म्हणून ते डाव्या पायावर कंपासासारखे फिरले. एक. पावसाची सर आली. दोन. पलीकडची मासेवाली टाळ्या वाजवायला खिडकीशी आली होती, तिने हात खाली घेतले. तीन.

दार वाजलं.

"ग्लेनिस." पिकर्सगिलसाहेब माझ्या मागे होते. "मी मूल ऐकलं. सातशे लोकांनी ऐकलं. हा नियम मी एकदाच सांगतो, दोनदा नाही. उद्यापासून मर्लीन..."

दार पुन्हा वाजलं.

"आधी दार उघड."

पेटी माझ्या काखेत होती. मी जागची हलले नाही. "मी उघडू, सर, की मर्लीनची वाट बघायची?"

"काय?"

"दारावरच्या माणसाने विचारायचं असतं. मी दारावर आहे की नाही एवढं कळलं तर बरं होईल."

बाहेरून विल्फकाकांचा आवाज आला, शांत. "कोण आहे दारावर? मला पाच वाजून दहाची बस आहे."

"साडेसातला पुढचा खेळ आहे, सर," पिप म्हणाली.

"बेचाळीस दोर," दिवेवाला उगाचच म्हणाला.

पेनहॅलोसाहेब रुमालाने तोंडावरचा रंग पुसत पुढे आले. "पिकर्सगिल, आज माझ्या मौनात एकही कप वाजला नाही. एकही. हे तुम्हाला कळतंय का?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग माझ्या काखेतल्या पेटीकडे. गोळी एका गालातून दुसऱ्या गालात गेली.

"या पेटीत काय आहे?"

"विग, सर. वर लिहिलंय."

पेटीत टेसा शिंकली.

"विगला सर्दी झालीये," साहेब म्हणाले.

"ओली गल्ली आहे ना, सर."

"शनिवारनंतर हा विग मला इथे दिसता कामा नये."

"शनिवारी त्याचे बाबा येतायत, सर."

ते वळले. चार पावलं गेले, परत आले, माझ्या खुर्चीवरची जांभळी उशी उचलली आणि काखोटीला मारून, कुणाकडे न बघता निघून गेले.

मी दारापाशी गेले. "कोण आहे?"

"विल्फ स्टॅथर्स. आत येऊ का?"

"या."

ते आत आले. टोपीवरून पाणी गळत होतं. मी काहीतरी म्हणणार होते, आभार वगैरे, पण त्यांनी हात वर केला.

"खालून वर आलेली शिट्टी म्हणजे हुकूम," ते म्हणाले. "वरून खाली गेली तर ती काय, ते मलाही ठाऊक नाही. म्हणून बाहेर गेलो. उगाच कशाला शंका."

"काका, तुम्हाला ही चाल कशी माहीत?"

"माळ्याची खिडकी गल्लीत उघडते, पोरी. सोमवारपासून ऐकतोय." त्यांनी झाकण जरा वर करून आत पाहिलं. टेसाने पेन्सिल त्यांच्याकडे केली. त्यांनी ती घेतली, वही तपासतात तशी गंभीरपणे पाहिली, परत दिली. "माझ्या पोरीला, मार्गारेटला, मी हीच वाजवायचो. घरात. रस्त्याने बंदराच्या फाटकापर्यंत. फाटकाच्या पुढे कधीच नाही."

मी टेसाच्या पायांवर स्वेटरची बाही ओढली.

"दुसऱ्या ओळीत तू चुकतेस," ते म्हणाले.

"मी?"

"सोमवारपासून चुकतेस. ती ओळ शेवटी वर जाते. तू खाली आणतेस. दोन दिवस दात आवळून बसलोय मी वर. मुलीला चुकीची चाल लागली तर जन्मभर तशीच राहील."

"कॉलिन अशीच वाजवतो."

"मग तोही चुकतो. चल."

"कुठे?"

"गल्लीत. इथे कसं शिकवणार?"

आम्ही बाहेर गेलो. पाऊस कमी झाला होता. मी पेटी मासेवालीच्या खिडकीखाली कोरड्या जागी ठेवली, विल्फकाकांनी कोटाची बाजू तिच्यावर धरली, आणि एक ओळ वाजवून दाखवली. मी वाजवली. "वर," ते म्हणाले. पुन्हा वाजवली. "वर, वर, खाली कुठे चाललीस!" चौथ्यांदा ती ओळ वर गेली आणि तिथे थांबली, आणि मला कळलं की इतके महिने टेसा छताकडे का बघत राहायची. ती ओळ पुढे कुठे जाते याची वाट बघत असणार. आता तिने डोळे मिटले.

आम्ही वळलो तर दार आतून बंद होतं. मी ते वाजवलं.

"कोण आहे?" आतून पेनहॅलोसाहेबांचा आवाज आला, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा.

"मी, सर. ग्लेनिस. आणि विल्फकाका. आणि विग."

"शिट्टीचा आवाज आला होता."

"गल्लीत होतो, सर! गल्ली म्हणजे थिएटर नव्हे!"

आतून पिपचं हसू दाबल्याचा आवाज आला.

"तसं असेलही," पेनहॅलोसाहेब म्हणाले. "पण उगाच कशाला शंका?"

मी विल्फकाकांकडे पाहिलं. त्यांनी टोपी घट्ट केली, डावा पाय नीट रोवला आणि पेटीची एक बाजू धरली. दुसरी मी धरली.

"सावकाश," ते म्हणाले. "उलटी करायची नाहीये."